पंचवीस लाखांचा वऱ्हाड

वाशिमहून हिंगोलीच्या रस्त्याला लागले की जिल्ह्याच्या हद्दीवर कन्हेरगाव नाका लागतो. आज तिथे एसटी थांबते, लोक चहा घेतात आणि गाडी पुढे निघते. १९४८पर्यंत मात्र या टापूत दोन राज्ये एकमेकांना खेटून उभी होती. अलीकडे मध्यप्रांत-वऱ्हाड, पलीकडे निजामाचे हैदराबाद. अलीकडे कलदार रुपया चाले, पलीकडे हाली. शंभर कलदारांना साधारण ११६ ते ११७ हाली पडत. वाशिमच्या व्यापाऱ्याने हिंगोलीला माल न्यायचा म्हटले की निजामाच्या करोडगिरीची, म्हणजे जकातीची, पावती फाडावी लागे. मुलगी पलीकडे दिली तर तिच्या माहेराची आणि सासरची नाणी वेगळी, कोर्टे वेगळी आणि दफ्तराची भाषाही वेगळी. वऱ्हाडातले दफ्तर मराठीत चाले, तिकडचे उर्दूत.

गंमत अशी की कायद्याने पाहिले तर या सरहद्दीच्या दोन्ही बाजूंचा मालक एकच होता. वाशिम, रिसोड, मंगरूळ, पुसद हा सगळा मुलूख कागदोपत्री निजामाचाच होता आणि इंग्रज तिथे केवळ कारभारी होते. सारा इंग्रजांच्या खजिन्यात भरायचा, फौजदारी इंग्रजांच्या कायद्याने चालायची, पण सार्वभौम सत्ता हैदराबादच्या गादीची. ही अवस्था थोडीथोडकी नाही, १८५३पासून जवळपास शंभर वर्षे टिकली.

निजामाचा वऱ्हाडावरचा हक्क जुना होता हे खरे. १७२४च्या ऑक्टोबरात साखरखेर्ड्याच्या लढाईत निजाम-उल-मुल्काने मुबारिझ खानाला मारले आणि दख्खनमध्ये पाय रोवले. साखरखेर्डा आजच्या बुलढाणा जिल्ह्यात आहे, म्हणजे हैदराबादच्या राज्याचा पायाच वऱ्हाडच्या मातीत घातला गेला. पण त्याला इथे एकट्याने सुखाने राज्य करता आले नाही. नागपूरकर भोसल्यांनी चौथाई आणि सरदेशमुखीच्या निमित्ताने पाय आत घातला आणि वऱ्हाडात दुहेरी अंमल सुरू झाला. एकाच गावात निजामाचा अंमलदार आणि भोसल्यांचा अंमलदार, दोघेही वसुलीला हजर. रयतेच्या दृष्टीने दोन सासवा.

या काळात वाशिमची मात्र भरभराट होती. इथले कापड इतके नावाजलेले होते की १७६९ साली माधवराव पेशवे आणि जानोजी भोसले यांच्यात जो तह झाला, त्यात भोसल्यांनी दरसाल द्यायच्या ऐवजात वाशिम आणि बाळापूरच्या कापडाचा समावेश होता. वाशिमचे बालाजी मंदिर त्याच अमदानीतले. ते बांधणारा भवानी काळू हा मुळात एका गावचा पटवारी. तो चढत चढत भोसल्यांचा दिवाण झाला. पटवारकीतून दिवाणगिरीपर्यंत जाता येत होते, याचा अर्थ निजामाच्या म्हणवल्या जाणाऱ्या मुलखात खरी सत्ता कुणाची होती हे सांगायला नको.

१८०३ साली अडगावच्या लढाईत आणि पाठोपाठ गाविलगडावर इंग्रजांनी भोसल्यांना हरवले. देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांकडून सुटला आणि इंग्रजांनी तो आपल्या दोस्ताच्या, म्हणजे निजामाच्या पदरात टाकला. १८२२मध्ये उरलीसुरली चौथाईही संपली. वऱ्हाड पूर्णपणे निजामाचा झाला. पण त्याच दोस्तीच्या पोटात कर्जाचे बीज होते.

ते बीज म्हणजे हैदराबाद कंटिंजंट. निजामाच्या पैशावर पोसलेली, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची ही फौज. नाव निजामाचे, हुकूम त्याच्या दरबारातल्या इंग्रज रेसिडेंटचा. तिची एक मोठी छावणी हिंगोलीला होती. या फौजेने सुरुवातीच्या काळात काय काम केले हे वाशिमकरांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. वाशिम-उमरखेड-हदगावच्या डोंगराळ पट्ट्यात हटकर नाइकांचा जोर होता. त्यांच्यातला नोवसाजी नाईक अरबांची शिबंदी घेऊन उमरखेडसमोर मेजर पिटमनच्या फौजेशी उघड मैदानात लढला. तिथे हटल्यावर तो हिंगोलीच्या आग्नेयेला नाव्ह्याच्या किल्ल्यात शिरला. १८१९च्या जानेवारीअखेर किल्ला हल्ला करून घेतला गेला, नाइकाला हैदराबादला नेले आणि तिथेच तो मेला. म्हणजे ज्या फौजेच्या खर्चापायी पुढे वऱ्हाड गहाण पडला, ती फौज वऱ्हाडातलीच बंडे मोडण्यासाठी वापरली जात होती. आपल्याच पाठीवर ओढायचा आसूड आपल्याच खर्चाने वळून घ्यावा, त्यातला प्रकार.

निजामाचा खजिना तेव्हा पार पोखरलेला होता. चंदूलालच्या दिवाणगिरीत पामर आणि कंपनी नावाच्या पेढीने त्याला जबर व्याजाने पैसे दिले. कंटिंजंटचे पगार तुंबले की कंपनी सरकार ते आपल्या तिजोरीतून भागवी आणि निजामाच्या नावावर लिही. असे करता करता १८५३पर्यंत आकडा चाळीस लाखांच्या वर गेला. लॉर्ड डलहौसी तेव्हा गव्हर्नर जनरल. ज्याने सातारा गिळला आणि पुढे झाशीही गिळली त्याने हैदराबादकडे दयेने पाहण्याचे कारण नव्हते. रेसिडेंट कर्नल लो याने निजाम नासिर-उद-दौलाच्या मागे तगादा लावला. वडिलार्जित मुलूख तोडून देणे आणि इमानी फौज मोडून टाकणे, या दोन गोष्टी राजाला लाजिरवाण्या, असे निजाम कळवळून सांगत राहिला. २१ मे १८५३ रोजी तहावर सही झाली. दिवाण सिराज-उल-मुल्क पुढच्या काही दिवसांतच वारला. त्याच्या जागी आलेला पुतण्या म्हणजे पहिला सालारजंग. त्याने उरलेले आयुष्य हाच तह उलटवण्याच्या खटपटीत घालवले.

तहात वऱ्हाडबरोबर धाराशिव आणि रायचूर दुआबही गेले. या मुलखाच्या उत्पन्नातून कंटिंजंटचा खर्च आणि कर्जावर सहा टक्के व्याज भागवायचे, दरवर्षी हिशेब दाखवायचा आणि शिल्लक निजामाला द्यायची, असे ठरले. हा झाला कागद. १८५७ साली हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने राहिले, त्याचे बक्षीस १८६०च्या नव्या तहात मिळाले. धाराशिव आणि रायचूर परत, ५० लाखांचे कर्ज माफ, शोरापूरचा मुलूख वर. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिला, निजामाचा ठेवा म्हणून. त्यातही एक मेख होती. हिशेब मागण्याचा हक्क निजामाने सोडला होता. कर्जच माफ झाले, मग तारण कशाला, हा साधा प्रश्न कुठल्याही सावकाराला विचारता येतो. इथे सावकाराच्या हाती पलटण होती.

आणि नेमका त्यानंतर वऱ्हाड पिकू लागला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. १८६७पर्यंत रेल्वे अकोल्यावरून नागपूरला पोहोचली. १८६१पासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी सुरू झाली, खातेदाराच्या नावाने सर्व्हे नंबर पडले. महसूल भराभर वाढला. पण हिशेब मागायचा नव्हता, त्यामुळे वाढलेला पैसा कचेऱ्या, रस्ते, पोलीस आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पगारात जिरत गेला. निजामाच्या वाट्याला शिल्लक म्हणून जे यायचे ते थोडेच. तरीही त्यातल्या पुष्कळ गोष्टी वऱ्हाडच्या कामी आल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. तेव्हाच्या हैदराबादेतल्या जहागिरीत राबणाऱ्या कुळापेक्षा वाशिमच्या खातेदाराची स्थिती बरी होती. वऱ्हाडी माणूस पुढे निजामाकडे परत जायला का तयार नव्हता, त्याचे उत्तर सातबाऱ्यात आहे.

आता वाशिमच्या भागातला एक खास प्रकार. घाटावरच्या या जंगलपट्टीत, विशेषतः वाशिम आणि वणी या तेव्हाच्या दोन जिल्ह्यांत, पुष्कळ गावे ओसाड पडलेली होती. ती वसवण्यासाठी सरकारने ती इजाऱ्याने द्यायला सुरुवात केली. हलका सारा, ठराविक मुदत, त्या मुदतीत झाडी तोडून जमीन लागवडीला आणायची. पैसेवाल्यांनी अशी गावेच्या गावे घेतली. पुढे त्यांतल्या बऱ्याच इजारदारांना गावाची मालकी मिळाली. आजही यवतमाळ आणि वाशिमकडे काही गावांच्या नावापुढे ‘इजारा’ लागलेले दिसते, ते इथून आलेले. आता विचार करा: जमीन कागदावर निजामाची, ती ताब्यात इंग्रजांच्या, त्यांनी ती दिली इजारदाराला, आणि त्यात राबणारे कूळ किंवा बंजारा तांडा कुणाच्याच खिजगणतीत नाही. मालकांची ही उतरंड अशीच चढत गेली होती.

कारभाराचे इंग्रजी नाव होते हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स. हैदराबादचा रेसिडेंट हाच वऱ्हाडचा वरिष्ठ अधिकारी. १८७५पासून वाशिम हा स्वतंत्र जिल्हा होता. वाशिम, मंगरूळ आणि पुसद हे तीन तालुके. १८९७चा दुष्काळ आणि त्यामागून आलेला १८९९-१९००चा छप्पनचा दुष्काळ यांनी हा जिल्हा रगडून काढला. १९०१च्या शिरगणतीत इथली लोकसंख्या आधीपेक्षा कमी भरली. रेल्वे लांब, रस्ते कच्चे, धान्य यायचे ते अकोल्याहून बैलगाडीने.

तिकडे सालारजंग थकला नव्हता. कंटिंजंटच्या खर्चाची हमी आम्ही दुसऱ्या मार्गाने देतो, तारण मोकळे करा, अशी त्याची मागणी होती. कलकत्त्याने दाद दिली नाही म्हणून १८७६ साली तो विलायतेला निघाला. वाटेत पॅरिसमध्ये पाय घसरून मांडीचे हाड मोडले. तरी लंडन गाठले. मेजवान्या झाल्या, ऑक्सफर्डने पदवी दिली, वऱ्हाड मिळाला नाही. निजाम अल्पवयीन आहे, तो वयात येईपर्यंत विषय नको, असे सांगून त्याची बोळवण झाली. १८८३मध्ये पटकीने तो गेला.

निजाम महबूब अली खान वयात आला, पण हा विषय पुन्हा निघाला तेव्हा समोर व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन होता. १९०२च्या मार्चमध्ये कर्झन स्वतः हैदराबादला गेला आणि बंद खोलीत दोघांचे बोलणे झाले. नोव्हेंबरात करार झाला. निजामाचे वऱ्हाडवरचे सार्वभौमत्व इंग्रजांनी पुन्हा मान्य केले, आणि निजामाने वऱ्हाड दरसाल २५ लाख रुपयांच्या खंडाने कायमचा इंग्रजांना दिला. कायमचा पट्टा! वर्षातून एकदा निजामाच्या वाढदिवशी वऱ्हाडात त्याचा झेंडा लागायचा, तोफा उडायच्या. निजामाला जी.सी.बी. हा किताब मिळाला तेव्हा टवाळांनी त्या तीन अक्षरांची फोड ‘गेव्ह कर्झन बेरार’ अशी केली. कर्झनला वऱ्हाड देऊन टाकला, एवढाच त्याचा अर्थ.

या व्यवहारातली खरी मखलाशी पुढच्या वर्षी कळली. ज्या कंटिंजंटसाठी वऱ्हाड तारण घेतला होता ती फौजच स्वतंत्रपणे उरली नाही; १९०३मध्ये ती हिंदी लष्करात मिसळून टाकली. तारणाचे कारण गेले, तारण राहिले. त्या पलटणींची पुढे हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५मध्ये तिचे नाव कुमाऊँ रेजिमेंट पडले. १९४७ साली बडगामला लढून देशाचे पहिले परमवीरचक्र मिळवणारे मेजर सोमनाथ शर्मा याच रेजिमेंटचे. वऱ्हाडच्या साऱ्यावर पोसलेल्या फौजेचा वंश असा काश्मीरपर्यंत गेला.

वऱ्हाड १९०३मध्ये नागपूरच्या मध्यप्रांताला जोडला गेला आणि १९०५च्या फेररचनेत वाशिम जिल्हा मोडला. पुसद यवतमाळकडे, वाशिम आणि मंगरूळ अकोल्याकडे. कचेऱ्या गेल्या की गावाचे काय होते ते वाशिमने पुढची त्र्याण्णव वर्षे पाहिले.

असा पट्टा जगात एकटा नव्हता. १८७८ साली इंग्रजांनी तुर्कस्तानच्या सुलतानाकडून सायप्रस बेट याच पद्धतीने घेतले. सुलतान नावाचा धनी, कारभार इंग्रजांचा, दरसाल खंडणी ठरलेली. आणि ती खंडणी सुलतानाच्या हाती न पडता त्याच्या जुन्या कर्जाच्या धनकोंकडे वळती व्हायची. १९१४मध्ये तुर्कस्तान शत्रुपक्षात गेल्याबरोबर इंग्रजांनी बेट आपलेच म्हणून जाहीर केले. निजाम शत्रुपक्षात जाणाऱ्यांतला नव्हता. पहिल्या महायुद्धात त्याने पैसा ओतला. १९१८मध्ये त्याला ‘एक्झॉल्टेड हायनेस’ ही जादा उपाधी आणि ‘विश्वासू दोस्त’ हे बिरूद मिळाले.

त्या दोस्तीच्या भरवशावर, महबूब अलीनंतर निजाम झालेल्या मीर उस्मान अली खानाने २५ ऑक्टोबर १९२३ला व्हाइसरॉयकडे वऱ्हाड परत मागितला. सर अली इमाम यांच्यासारखा वकील हाताशी होता. वऱ्हाडकरांना चुचकारण्यासाठी, मुलूख परत आला तर तिथे जबाबदार राज्यपद्धती देईन, असे आश्वासनही दिले. ज्याने स्वतःच्या हैदराबादेत विधिमंडळाला वाव दिला नव्हता तो वऱ्हाडला स्वराज्य देणार होता! वऱ्हाडातल्या पुढाऱ्यांनी या गाजराकडे ढुंकून पाहिले नाही. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगचे उत्तर २७ मार्च १९२६ला आले. हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्ता सर्वश्रेष्ठ आहे, कोणत्याही संस्थानिकाने बरोबरीच्या नात्याने तिच्याशी वाद घालू नये, असा त्याचा मथितार्थ. विश्वासू दोस्ताला आपली पायरी कळली. संस्थानांच्या इतिहासात हे पत्र फार गाजले. त्याला निमित्त झाले ते वऱ्हाड.

या काळात वऱ्हाडच्या माणसाची कायदेशीर अवस्था मोठी मजेची होती. वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नव्हता. त्यामुळे मध्यवर्ती विधिमंडळात केलेला कायदा इथे आपोआप लागू होत नसे. तो वेगळा हुकूम काढून लावावा लागे. वऱ्हाडच्या मतदारांनी निवडून दिलेला माणूस तांत्रिकदृष्ट्या निवडून आलेला नसे. मतदान व्हायचे, निकाल लागायचा आणि मग सरकार त्यालाच नेमायचे. हे नाटक वर्षानुवर्षे मुकाट्याने चालले होते.

१९३५च्या कायद्याने संघराज्याची योजना आली, संस्थानिकांना त्यात ओढायचे होते, आणि निजामाची मनधरणी करण्याची वेळ इंग्रजांवर आली. २४ ऑक्टोबर १९३६च्या करारात त्याला मानपानाचा भरगच्च अहेर मिळाला. वऱ्हाडात युनियन जॅकशेजारी त्याचा झेंडा, वऱ्हाडकरांना किताब देण्याचा अधिकार, दरबार भरवण्याची मुभा, मशिदींत त्याच्या नावाचा खुतबा, नागपूरला त्याचा प्रतिनिधी. २५ लाख चालू. प्रांताचे नाव मध्यप्रांत आणि वऱ्हाड, आणि निजाम आता ‘हैदराबाद आणि वऱ्हाडचा निजाम’. युवराज आझम जाह झाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’. त्याची बायको दुर्रूशेवार ही तुर्कस्तानच्या अखेरच्या खलिफाची मुलगी. १९३१ साली फ्रान्समधल्या नीस शहरी त्यांचे लग्न लागले होते. ज्या घराण्याचे सायप्रस गेले, त्या घराण्यातली लेक ‘प्रिन्सेस ऑफ बेरार’ झाली. या राजपुत्राला वाशिमच्या एका पटवाऱ्याची बदली करता येत नव्हती.

१९४७च्या उन्हाळ्यात इंग्रज निघाले तेव्हा निजामाने कागद पुन्हा बाहेर काढला. पट्टा घेणारा चालला, तर जमीन मूळ मालकाकडे यावी. ११ जुलैला त्याच्या दिवाणाचे, छतारीच्या नवाबाचे, शिष्टमंडळ दिल्लीत गेले, त्यांच्या मागण्यांत वऱ्हाड होताच. नुसत्या कराराकडे पाहिले तर हे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते, हे मान्य केले पाहिजे. पण १९४७ साली पस्तीस लाखांवर माणसे खंडपट्ट्यातल्या कलमासारखी फिरवता येत नव्हती. वऱ्हाडचा कारभार आहे तसाच नागपुराहून चालू राहिला. सरहद्दीवर मात्र वातावरण तापले. निजामधार्जिण्या रझाकारांच्या जाचाने पलीकडची माणसे अलीकडे येऊ लागली, उमरखेडसारख्या ठिकाणी स्टेट काँग्रेसचे कॅम्प उभे राहिले. सव्वाशे वर्षांपूर्वी नोवसाजी जिथे लढला त्याच मुलखात पुन्हा निजामाविरुद्ध माणसे जमली. १३ सप्टेंबर १९४८ला फौजा हैदराबादेत शिरल्या, १७ तारखेला निजामाने शस्त्रे टाकली. २३ नोव्हेंबर १९४९च्या फर्मानाने त्याने भारताची राज्यघटना स्वीकारली आणि २६ जानेवारी १९५०पासून वऱ्हाड मध्यप्रदेशाचा निखळ भाग झाला. १८५३, १८६०, १९०२ आणि १९३६ या चारही करारांत वऱ्हाडच्या एकाही माणसाला कुणी विचारले नव्हते. ज्या घटना समितीने शेवटचा निकाल लावला तिच्यात वऱ्हाडचे पंजाबराव देशमुख आणि ब्रिजलाल बियाणी बसलेले होते.

पुढचे झपाट्याने घडले. १९५१मध्ये मध्यप्रदेशाच्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने इजारे आणि जहागिऱ्या गेल्या. १९५६ला हैदराबाद राज्यच मोडले, मराठवाडा आणि वऱ्हाड द्विभाषिक मुंबईत एकत्र आले आणि वाशिम-हिंगोलीमधली राज्याची सीमा पुसली गेली. आझम जाह १९७० साली वारला तोवर ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणूनच ओळखला जाई. पुढच्याच वर्षी सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे आणि किताब रद्द झाले. १ जुलै १९९८ रोजी वाशिम पुन्हा जिल्हा झाला.

नव्या जिल्ह्याला या इतिहासाची कागदपत्रे मात्र आयती मिळालेली नाहीत. ती हैदराबाद, नागपूर, अकोला, दिल्ली आणि लंडन अशी विखुरली आहेत, आणि उरलेली घराघरांत आहेत. वाशिम, रिसोड, मंगरूळपीर, मानोऱ्याकडच्या ज्या घरांत जुन्या इजाऱ्याचे पट्टे, साऱ्याच्या पावत्या, हाली रुपयातली खाती अजून गाठोड्यात बांधलेली असतील, त्यांनी ती रद्दीवाल्याच्या तागडीत टाकण्याआधी एकदा उघडून वर कुठल्या सरकारचे नाव आहे ते वाचावे, आणि निदान त्यांचे फोटो तरी काढून ठेवावेत.